मालकाच्या साइडकारची पहिली सवारी

तो मेला तेव्हा मी पेढे वाटले नाहीत, एवढीच माझी माणुसकी. बायको म्हणाली, "मौतीला जाऊन या, चार लोक काय म्हणतील." मी गेलो नाही. त्या दिवशी मी भाकरी जास्तीची खाल्ली. बायकोही गेली नाही.

आता तीही राहिली नाही. मागच्या उन्हाळ्यात गेली. घरात विसळायला एकच कप असतो. बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा थोडीच, तीही उर्दूत, कारण तवा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. म्हणून लिहिण्यात चुका असतील. त्या माणसाबद्दल जे लिहिणार आहे त्यात चूक नाही.

त्याला सगळे मालकच म्हणायचे. धावड्याच्या अंगाला माझ्या सासऱ्याचं गाव. गावातली निम्मी जमीन मालकाची, आणि गावात पळणारं वाहन एकच, तेही मालकाचं. ती दमणी होती. दमणी म्हणजे बायामाणसांना बसायची छपराची हलकी बैलगाडी. आत गादी, बाजूंना पडदे, पुढं पळणारे बैल. दर चतुर्थीला मालकाच्या आईला घेऊन ती राजूरच्या गणपतीला जायची.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्ती. अडली. सुईणीनं हात टेकले, म्हणाली, जालन्याला न्या, दवाखान्यात. सासरा पळत मालकाच्या वाड्यावर गेला आणि दमणी मागितली. मालक पायरीवर पान खाऊन राह्यला होता. म्हणाला, "उद्या चतुर्थी हाय. आईचं सोवळं हाय. बाळंतिणीचा विटाळ झाला तर आईनं राजूरला कशात बसून जायचं?"

सासऱ्यानं पायरीला डोकं लावलं.

"तुझी गाडी हाय ना? मंग?"

सासऱ्याची गाडी म्हणजे शेणखत वाहायची गाडी. तिच्यात कडबा टाकून बायकोला निजवलं. रस्ता कसला, नुसती चाकोरी आणि धोंडे. राजूर मागं टाकल्यावर गाडीतच पोरगं झालं. रडलं नाही. सासऱ्यानं ते रस्त्याच्या कडेला पुरलं आणि बैल पुन्हा हाकले. मी जालन्यात कामाला होतो, निरोप मिळाला तसा दवाखान्यात पोहोचलो. ती वाचली. डाक्टरणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला आता मूल होणार नाही. त्याच दिवशी मालकाची दमणी घुंगरं वाजवत राजूरला गेली. सासऱ्यानं माघारी येताना डोळ्यानं पाह्यली. चांगली धुऊन पुसून नेल्ती.

मी एका मारवाडी शेटजीच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचो. काही वर्षं गेली. मोठी लढाई संपली आणि फौजेचा जुना माल लिलावात निघाला. एका सकाळी बैलगाडीवर मोटारसायकल लादून आमच्या दारात कोणी आलं. मागच्या गाडीवर साइडकार, म्हणजे डाव्या बाजूला जोडायचा एका चाकाचा डबा. दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांचे, एकमेकांशी काही संबंध नाही. त्यांच्यासंगं घोड्यावर मालक.

मला त्यानं ओळखलं नाही. गरिबाच्या जावयाला कोण ओळखतं? मी ओळखलं.

"जोडता येईल का रे मिस्तरी?"

"येईल मालक."

"दमणी मोडीत काढली. बैलं म्हंजे जुना जमाना. आता आईला राजूरला, बायकोला मंठ्याला माहेरी, सगळं याच्यावर. बिलकुल फर्स्टक्लास झालं पाह्यजे."

दुपारी बायको माझी भाकरी घेऊन आली. मालक खुर्चीवर बसून शेटजीशी गप्पा मारत होता. ती दारातच थांबली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली नाही.

"हाच का?"

"हाच."

"मंग कशाला जोडता त्याची गाडी? घाला चुलीत."

"जोडतो. त्या डब्यात पहिली तू बसणार हायस."

"मी? त्याच्या गाडीत बसायला मी मरून राह्यली का?"

"हाकणार तो. बसणार तू. जालन्यापासून."

ती जरा वेळ त्याच्याकडं पाहत राहिली. मंग म्हणाली, "कुठवर?"

"त्याच्या दारापर्यंत."

"मंग बसते," म्हणाली आणि पाटी खाली ठेवली.

पुढं ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी एकच विचारलं, एखादा नट ढिला का ठेवला नाहीस? इमान आडवं आलं असं काही नाही. नट ढिला ठेवला असता तर तो कुठंतरी खड्ड्यात पडून एका दमात मेला असता, आणि कशासाठी मेला ते त्याला कळलंही नसतं. मला तो जिता पाह्यजे होता. जिता, उन्हात, गावादेखत.

म्हणून काम मी असं केलं की तसं पुन्हा कधी केलं नाही. साइडकार जोडायला सपाट जमीन लागते. शेटजीच्या सरकीच्या गोदामात फरशी होती, तिथं गाडी नेली. डबा चार जागी धरावा लागतो, दोन खाली चौकटीला, दोन वरून दांड्यांनी. जोडणीचे लोखंडी पट्टे मी भट्टीत लाल करून स्वतः वाकवले. मंग मोटारसायकलच्या आणि डब्याच्या चाकांना सरळ फळ्या लावायच्या आणि पुढचं अंतर मागच्यापेक्षा बोटभर कमी ठेवायचं, म्हणजे डब्याचं चाक जरा आत पाहतं. मोटारसायकल डब्यापासून थोडी बाहेर कललेली ठेवायची, म्हणजे वजन पडल्यावर ती सरळ होते. यात चूक झाली तर गाडी जन्मभर एका अंगाला ओढते. हे सगळं करताना मी एकच विचार करत होतो, की तिला धक्का बसता कामा नये.

काम झालं. मालक निघायला उठला. म्हणाला, "उद्या मंठ्याला जाऊन बायकोला आणतो."

"असं जमायचं न्हाई मालक," मी म्हणालो. "आधी परीक्षा घ्यावी लागते. डब्यात माणूस बसवून लांब जायचं. तुमचा हात बसला पाह्यजे. मी मागं बसतो, नट ढिले पडले की कसतो. तुमच्या गावापर्यंत जाऊ. मंग तुम्ही मंठ्याला जा का हैदराबादला जा."

शेटजी मध्येच बोलला, "अरे मिस्तरी, आदमी किसलिए? एक पोतं रख दे सरकी का."

शेटजीचं बराबर होतं. पोतं ठेवलं तरी चालतं. मी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "शेटजी, पोतं वळणावर अंग सावरत न्हाई. माझी बायको हाय. तिचं माहेर यांच्याच गावचं."

शेटजीला माझी सगळी कहाणी ठाऊक होती. दवाखान्यात ती पडली होती तेव्हा त्यानंच दूध पाठवलं होतं. त्यानं डोक्यावरची पगडी जरा मागं सारली, मालकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"हां, ये बराबर है. पोतं को अकल नहीं होती."

मालकाला बायको बसवायची घाई होती आणि पडायची भीती होती. तो कबूल झाला. गावातल्या कोणाची लेक, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

सकाळी निघालो. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, डब्यात बसली, धुळीसाठी पदर पुढं ओढून घेतला. मालक हँडलवर, मी त्याच्या मागं. साइडकारची गाडी सायकलीसारखी अंग कलवून वळत नाही, ती नुसत्या हँडलनं ओढावी लागते. रेस दिली की डब्याकडं जाते, रेस सोडली की उलटीकडं. मालकाला हे अंगात मुरायला वेळ लागला. गावाबाहेर पडायच्या आधीच तो एका उसाच्या गाडीत घुसणार होता.

"हँडल, मालक, हँडल! अंग कशाला वाकवता? नाचायचं न्हाई!"

गाडीवान ओरडला, "उतरा खाली, बैलं आणून जुंपू का?"

मालकाची मान लाल झाली. मी मागून ती मान पाहत होतो. जन्मभर ज्याच्यापुढं गाव बोललं नाही, त्याला मी राजूरपर्यंत रागावत नेलं. वळा. सोडा. धरा. आंधळे हायत का? आणि तो, हो मिस्तरी, हो मिस्तरी. एवढं सुख मला आधी मिळालं नव्हतं.

राजूरच्या अलीकडं एक जागा आली, ती आम्हाला दोघांना ठाऊक, मालकाला नाही. तिनं पदराचं टोक दातात धरलं. मी मालकाला रेस कमी करायला सांगितली नाही.

राजूरला पाणी प्यायला थांबलो. नारळ-फुलांच्या दुकानवाला हात जोडत पुढं आला.

"मालक, नवी गाडी! मालकीणबाई का?"

मालक हसला. "छ्या! हे वजन हाय. गाडीची परीक्षा चालू हाय, म्हणून वजन घातलंय."

दुकानवाला हसला. गाडी पुन्हा चालू करायला मालक खाली वाकला तवा ती पदराआडून मला म्हणाली, "ऐकलं का? मी वजन."

"ऐकलं."

"बरं झालं सांगितलं. आता वजनासारखीच बसते."

भोकरदन मागं पडलं, पुढं धावड्याकडचे डोंगर दिसायला लागले. तिच्या गावाच्या वेशीच्या अलीकडं ओढा आहे, आणि ओढ्यालगत रस्ता डावीकडं वळून वेशीत शिरतो. तिथं मालकानं गाडी उभी केली. रुमालानं तोंड पुसलं. चेहरा पुन्हा मालकाचा झाला.

"उतर गं बाई. इथून पायी जा. गावात बरं न्हाई दिसत."

ती हलली नाही.

"ऐकू येतंय का?"

"वजन कुठं आपण होऊन उतरतं का, मालक?"

त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. मी म्हणालो, "तिला उतरवू नका. डाव्या वळणावर रिकामा डबा जमिनीवरून उठतो. तुम्ही गाडीसकट ओढ्यात जाल." हे मात्र खरं होतं, आणि माझं नशीब की ते वळण डावंच होतं. मालकानं ओढ्याकडं पाहिलं. ओढ्यात बाया धुणं धूत होत्या आणि सगळ्या हात थांबवून आमच्याकडं पाहत होत्या. त्यानं रेस दिली.

फटफटीच्या आवाजानं गाव गोळा झालं. पोरं मागून पळायला लागली, "मालकीणबाई आल्या, मालकीणबाई आल्या." मालक कोणाला काय सांगणार? वाड्याच्या दारात त्याची आई उभीच होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवी गाडी यायची हे तिला ठाऊक होतं, त्यामुळं ओवाळायचं ताट तयार. तिला गाडीचा आवाज कळला, डब्यात पदर घेतलेली बाई बसलीय एवढं दिसलं. मुलानं बायकोला मंठ्याहून आणली असं समजून ती पुढं आली.

"आई, अगं..."

"ओवाळताना बोलू नये. गप."

आईपुढं तो शेळी होता. म्हातारीनं आधी चाकाला कुंकू लावलं, हँडलला लावलं, मंग चाचपत डब्याजवळ आली आणि माझ्या बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं. ओवाळलं. कामवालीच्या हातातलं सूप घेऊन तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. कामवाली गावातलीच, तिनं माझ्या बायकोला बराबर ओळखलं होतं. तिचे डोळे एवढे मोठे झाले. पण ओटी मध्येच तोडायची कशी?

म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "लई दिवस वाट पाह्यली गं सूनबाई. आता या घरात पाळणा हलू दे."

इथवर मी ठरवलं होतं. याच्या पुढचं मी ठरवलं नव्हतं, आणि मला वाटतं तिनंही नव्हतं.

तिनं पदर मागं केला. ओटी दोन्ही हातांनी धरून डब्यात उभी राहिली.

"आईसाहेब, मी तुमची सून न्हाई. माझा पाळणा हलायचा होता, तो तुमच्या दमणीची वाट पाहत थांबला."

"कोण गं? कोण बोलतंय?"

तिनं बापाचं नाव सांगितलं. सांगितलं की बाप या पायरीवर डोकं ठेवून माघारी गेला, चतुर्थीचं सोवळं म्हणून दमणी मिळाली नाही, आणि शेणखताच्या गाडीत काय झालं. आवाज चढवला नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. मागून सुईण म्हातारी बोलली, "खरं हाय. मी व्हते."

मालक म्हणाला, "मला काही आठवत न्हाई. झालं गेलं, चला, पांगा सगळे."

म्हातारीनं मुलाच्या आवाजाकडं मान वळवली. "माझं सोवळं सांगितलं तू?"

"आई, लोकांदेखत नको."

"माझं नाव घेतलं? मला विचारलं व्हतंस का? अडलेल्या बाईला दमणी न्हाई म्हणाले असते मी?"

ती खरं बोलत होती का चार लोकांत स्वतःला सोडवून घेत होती, मला ठाऊक नाही. सोवळ्याची लई कडक होती म्हणतात. मला तिचीही दया येत नाही. पण पुढं ती जे बोलली त्याबद्दल मी तिला एक नमस्कार करतो. ताट तिनं कामवालीच्या हातात दिलं आणि मुलाला म्हणाली, "जा. हिला हिच्या बापाच्या दारी सोडून ये. आणि आल्यावर मागल्या दारी आंघोळ कर. बाटलास तू. तसा माझ्या घरात पाय टाकू नको."

एका गड्याला हसू फुटलं आणि त्यानं खोकल्यासारखं केलं. मालकानं गाडी वळवली. तीनदा बंद पडली. आमच्या मागं अख्खं गाव चालत होतं, आणि मघासारखं कोणी ओरडत नव्हतं.

सासरा ओट्यावर दोर वळत बसला होता. मालकाला दारात पाहून उठला आणि सवयीनं खांद्यावरची घोंगडी झटकून अंथरायला लागला. "या मालक, बसा मालक."

बायको डब्यातून उतरली आणि बापाच्या हातातून घोंगडी काढून घेतली. "राहू द्या दादा. त्यांना बसायचं न्हाई. त्यांना आंघोळीला जायचंय."

गाव हसलं. मोठ्यानं हसलं. मालकाच्या तोंडावर, भर उन्हात. मला जे पाह्यजे होतं ते हेच. बदला घेतल्यानं मनाला शांती मिळत नाही असं लोक सांगतात. त्यांनी घेतला नसेल. मला मिळाली. मालक रिकामी गाडी पायानं रेटत, पहिल्या गेरात, वळण आलं की खाली उतरून ढकलत वाड्याकडं गेला, आणि मी पाठीवर हात बांधून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राह्यलो.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली. ओटीची गाठ सोडली, त्यातले तांदूळ मुठीमुठीनं अंगणात कोंबड्यांना टाकले. ओटी कोणी अशी टाकत नाही. नारळ तिनं म्हशीच्या गोठ्याकडं भिरकावला. मला वाटलं आता हसेल.

"तुम्हाला बरं वाटलं?" तिनं विचारलं.

"लई बरं वाटलं. तुला?"

तिनं पदर उलटा करून झटकला. "न्हाई. मला आणखी पाह्यजे होतं."

आणखी काय, हे मी विचारलं नाही. तिनंही पुन्हा कधी काढलं नाही.

मालकाची आई त्या डब्यात कधी बसली नाही. राजूरला दुसऱ्याच्या बैलगाडीत जायची. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीत मालकानं ती गाडी विकली. पण "आंघोळ झाली का मालक?" हे गावात पुष्कळ वर्षं चाललं, त्याच्या मागं, आणि तो म्हातारा झाल्यावर तोंडावरसुद्धा. मला कोणी हे येऊन सांगितलं की मी त्याला चहा पाजायचो.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली तेव्हा लोकांनी विचारलं, अग्नी कोण देणार? पोरानं द्यायचा असतो. भाचा पुढं झाला, मी त्याला बाजूला केलं. या वयात खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती मी फिरलो. पाणी गळत होतं. भाचा मागून सांगत होता, मामा, देवाचं नाव घ्या. मी देवाचं घेतलं नाही. मालकाचं घेतलं, आणि त्याच्या पुढं एक शिवी लावली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मंग मडकं टाकलं.